शर्यत सासुरवाडीवरून जाते

मी पळतो हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणालाच पटलेलं नव्हतं. मी नागपुरातल्या सदर भागात एका कचेरीत कारकून. वय सदतीस, डोक्याच्या मधोमध टक्कल, आणि पहाटे पाचला उठून फुटाळा तलावापर्यंत पळत जाऊन परत यायचं व्यसन. हे व्यसन अडुसष्ट सालापासूनचं. त्या काळी नागपुरात लग्न झालेला माणूस भल्या सकाळी रस्त्यानं पळताना दिसला की लोक दोनच अर्थ काढत: याच्या घरी कोणीतरी गेलं, नाहीतर यानं काहीतरी उचललं. एका दूधवाल्यानं तर सायकल आडवी घालून मला धरलं होतं आणि चोर सापडल्याच्या आनंदात दोन ठेवूनही दिल्या होत्या. खरं कळल्यावर त्यानंच मला पेलाभर दूध पाजलं. पण "मंग काहून पळता?" या त्याच्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

शर्यती मात्र मी एक सोडत नसे. वर्षाला तीन-चार असायच्या, कुठल्या तरी व्यायामशाळेच्या नाहीतर मंडळाच्या. कागदावर सकाळी सहाची वेळ छापलेली असायची आणि प्रमुख पाहुणे आठला यायचे. तोवर आम्ही शे-दीडशे माणसं चड्डी-बनियानवर कुडकुडत उभी. पाहुणे खेळाचं महत्त्व सांगत, ते ऐकता ऐकता पाय गारठत, मग कोणीतरी शिट्टी फुंके. रस्ता जिथून माघारी वळायचा तिथे टेबल टाकून एक मास्तर बसलेले असत. मधल्या गल्लीतून घुसून कोणी लबाडी करू नये म्हणून ते प्रत्येकाच्या मनगटावर निळा शिक्का मारत. पहिल्याला स्टीलची टाकी, दुसऱ्याला भिंतीवरचं घड्याळ, आणि आमच्यासारख्यांना ग्लुकोजची पुडी. आमच्या घरी साखर संपली तरी ग्लुकोज कधी संपलं नाही.

या पळण्यानं माझं फारसं काही बिघडवलं नाही. बिघडवलं ते माझ्या बायकोचं, पुष्पलताचं.

तिचं माहेर गांधीबागेत. वडील गोपाळराव कापडाचे ठोक व्यापारी, शब्दाचे पक्के आणि रागाचेही. त्या घरचा मी एकुलता एक जावई. त्र्याहत्तर साली पुष्पलताच्या भावाचं, भैयाजीचं, लग्न निघालं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाचे डहाळे आणायचा मान जावयाचा. बैलबंडी घेऊन जायचं, जांभळीच्या फांद्या तोडून आणायच्या, दारात बायका पाय धुतात, टोपी-टॉवेल देतात, आणि मग पहिला डहाळा जावई बांधतो. तोपर्यंत मांडव म्हणजे नुसते बांबू. नेमकी त्याच सकाळी कामठीला शर्यत होती. मी मनाशी जमवलं: सातला सुटेल, साडेआठला संपेल, दहाला मी गांधीबागेत. "एक शर्यत सोडली तं काय होते?" पुष्पलता म्हणाली होती. मी म्हणालो, "दहाला येतो ना." त्या दिवशी पाहुणे साडेनवाला उगवले. मी गांधीबागेत पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता, आणि शेजाऱ्यांचा जावई डहाळे बांधून, माझ्या वाट्याची टोपी घालून जेवायला बसला होता.

गोपाळराव भरल्या मांडवात म्हणाले, "आमचे जवाई लय पळतात म्हणून आयकलं होतं. घरच्या कामापासून पळतात, हे आज पाह्यलं." सगळे हसले. चूक माझी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण चूक आपली असली की माझं डोकं जास्तच फिरतं. मी म्हणालो, "या घरचं पाणी आता मी पिणार नाही," आणि तसाच उपाशी बाहेर पडलो.

पुष्पलता लग्नापुरती थांबली. मग घरी आली, ट्रंक पलंगाखाली सरकवली आणि म्हणाली, "तुम्ही जेथचं पाणी पेत नाही, तेथं मी जेवू कशी?" त्यानंतर ती माहेरी गेली नाही. सदर ते गांधीबाग अंतर ते किती! पाच वर्षं गेली. तिनं मला त्यावरून कधी एक शब्द ऐकवला नाही, आणि तीच खरी शिक्षा होती. जिजाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वर्षातून दोन-तीनदा दाताच्या डॉक्टरकडे जाते असं घरी सांगून आमच्याकडे यायच्या. तेवढे दात त्यांच्या तोंडात उरलेही नव्हते. मायलेकी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत आणि मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसे.

अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात गांधीबागेतही फिरणाऱ्या आमच्या भाजीवाल्या रंभाबाईंनी पुष्पलताला सहज विचारलं, "तुह्या बाबूजीचे डोये कसे हायेत वं आता?" गोपाळरावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. सासूबाई तिकडे अडकलेल्या, आम्हाला सांगणार कोण? पुष्पलता घरात आली आणि पिशवीतली वांगी एकेक करून टोपलीत ठेवत राहिली. ठेवून झाल्यावर तीच पुन्हा बाहेर काढू लागली. "पाच वर्षं झाली, त्यायनं मले पाह्यलं नाही," ती म्हणाली. "आता पाहाले गेली तरी दिसन का नाही, कोणाले मालूम."

"तू जाऊन ये ना," मी म्हणालो.

"तुम्ही येता?"

मी पेपर उचलला. खरं सांगायचं तर त्या महिन्यात मी दोनदा ऑफिसातून परस्पर गांधीबागेच्या तोंडापर्यंत गेलो आणि पानाच्या ठेल्यावर सुपारी घेऊन परत आलो. त्या दारात कोणत्या तोंडानं उभं राहायचं? माझीच जीभ मला आडवी येत होती.

अशात सव्वीस जानेवारीच्या शर्यतीचा कागद आला. त्या वर्षी रस्ता बदलला होता. सदरहून बर्डीवरून उमरेड रोडला जायचं, नाक्याजवळ वळायचं, आणि महाल, गांधीबाग करत परत सदर. सोळा किलोमीटर, म्हणजे दहा मैल. पहिल्या पंधरांना शहराच्या चमूतून पुण्याच्या मोठ्या शर्यतीला पाठवणार होते. माझा आजवरचा सगळ्यात चांगला नंबर बाविसावा. पण त्या हिवाळ्यात माझे पाय जोरात होते, आणि असे पाय पुन्हा मिळणार नाहीत हेही मला कळत होतं.

आदल्या संध्याकाळी पुष्पलता माझ्या बनियानवर नंबर शिवत बसली. पिना टोचतात म्हणून ती दोऱ्यानंच शिवायची.

"गांधीबागेतून जाते म्हणतात," ती मान खाली घालून म्हणाली.

"हो."

"दुकानावरून?"

"सुटी आहे. दुकानं बंद असतील."

तिनं दोरा दातानं तोडला. "बाबूजी दिसले तं पाहून घ्याल, चालता-फिरताना दिसते का त्यायले. थांबू नका. पळता पळता पाहाल. एवढंच येऊन सांगजा मले."

पाच वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

शर्यत नेहमीप्रमाणे उशिराच सुटली. आमच्या ऑफिसातला कृष्णकांत सायकलवर माझ्या बाजूनं होता. हा माणूस स्वतः जिना चढला तरी बसून घेतो, पण माझ्या शर्यतीत त्याचा उत्साह असा की जणू मी त्याचा बैल. पुढं किती गेले, मागं कोण येतंय, सगळा हिशोब तो मोठ्यानं सांगायचा. बर्डीला मी तिसाच्या आसपास होतो. उमरेड रोडच्या मोकळ्या वाऱ्यात पोरं पहिल्याच जोरात दमून मागं पडू लागली. शिक्का मारून वळलो तेव्हा एकविसावा. महालात शाळांतून झेंडावंदनाची गाणी चालू होती, माणसं ओट्यावर येऊन टाळ्या वाजवत होती, आणि माझा श्वास असा लागला होता की वाटावं, असंच पळत पळत पुण्याला जावं.

"चौदावा!" कृष्णकांत ओरडला. "चौदावा हायेस गा रामाजी! आता फक्त सांभाळ. कोणाकडे पाहू नको."

गांधीबागेचा चौक ओलांडला. ठरवलं होतं की दुकानाच्या समोरच्या बाजूनं, मान खाली घालून, जमेल तेवढ्या वेगानं निघून जायचं. त्या ओळीतली सगळी शटरं खाली होती. एकच वर होतं.

पायरीवर गोपाळराव उभे होते. धोतर, काळा कोट, डोक्यावर टोपी, म्हणजे लग्नाकार्याचा पोशाख. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. पाच वर्षांत माणूस एवढा वाळला होता की कोट अंगावर लोंबत होता. त्यांनी मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. मग त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.

बरं, म्हटलं. एवढा राग अजून? मग राहू द्या. चालता-फिरताना दिसतं की नाही ते पाहायचं होतं, ते पाहून झालं. चांगलं दिसतंय. मी पाय उचलला आणि पुढं निघालो.

पळणाऱ्याला एक खोड असते. जोर लावल्यावर तो एकदा मागं वळून पाहतो, पंधरावा किती जवळ आलाय ते. मी पाहिलं. पंधरावा एक उंच काळासावळा गडी होता, माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. तो दुकानासमोरून येत होता आणि गोपाळराव त्याच्याकडे अगदी तसंच पाहत होते. मान पुढं काढून, पायांपासून तोंडापर्यंत. तो गेला तशी त्यांनी मान फिरवली आणि सोळाव्याकडे पाहू लागले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी मला टाळलं नव्हतं. त्यांना मी सापडलो नव्हतो. त्या काळ्या काचेतून आम्ही सगळे म्हणजे एक चड्डी, एक बनियान आणि घाम. त्यातून ते आपला जावई निवडत उभे होते.

मी थांबलो.

"काय झालं? गोळा आला का पायात?" कृष्णकांतनं ब्रेक दाबला. मी उलटा वळलो तसा तो किंचाळलाच. "पागल झाला का बे? सदर तिकडे हाय!"

चौकातला हवालदारही ओरडला, "ओ भाऊ, उलटे कुठी चालले?" समोरून येणाऱ्यांना चुकवत मी पायरीखाली जाऊन उभा राहिलो. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"मी रामाजी," म्हणालो.

त्यांनी मान पुढं काढली. "जवाईबापू?"

"हो."

"मी म्हटलं, निघून गेले असन तुम्ही," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "मले सारे एकसारखेच दिसून राह्यले."

"सात वाजतापासून उभे हायेत दादाजी," हवालदार मागून म्हणाला. "म्या म्हटलं बसा, तं आयकत नाहीत."

गोपाळराव एक पायरी उतरले, खाली वाकले आणि दारात आलेल्या जावयाचे धुवावे तसे, तांब्यातलं सगळं पाणी माझ्या पायांवर ओतलं. पाय कुठले? कॅनव्हासचे बूट होते. पाणी आत शिरून मोज्यांसकट पाय चिंब झाले. पाण्याचा आवाज वेगळा आला म्हणून त्यांनी हातानं चाचपून पाहिलं.

"बूट हायेत का?"

"हो."

"हात्तीच्या!" ते म्हणाले, आणि हसले. मीही हसलो. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांना ते दिसणार नाही याचं मला आधी बरं आणि मग फार वाईट वाटलं.

त्यांनी मला आत नेऊन गादीवर बसवलं. पांढऱ्या चादरीवर माझ्या घामाचा ओला ठसा उमटला. मी उठायला लागलो तर म्हणाले, "राहू द्या. चादर धुतल्या जाते." मग माठातून दुसरा तांब्या भरून आणला आणि माझ्यासमोर धरला. ते पाणी मी उभ्या आयुष्यात पिणार नव्हतो. मी तांब्या वर करून एका दमात संपवला.

"चुकलं होतं माझं," मी म्हणालो. "त्या दिवशी."

"बसा जरासे," ते म्हणाले. बस, एवढंच.

आता ज्यानं आयुष्यात एकदाही शर्यत पाहिली नाही त्या माणसाला काय सांगायचं की इथं 'जरासं' हा फार मोठा शब्द आहे? बाहेरून पायांचे आवाज येत होते. सोळा गेला, सतरा गेला. एक टोळकंच गेलं, म्हणजे बावीस-तेवीस झाले असतील. माझ्या पिंढऱ्या आखडत चालल्या होत्या. पंधरावा नंबर कधीच हातचा गेला होता, आणि मला त्याचं दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही. चांगलंच दुःख झालं. अकरा वर्षं पहाटे उठलो होतो मी अशा एका नंबरासाठी. पण एकदा यांच्याच घरी मी दीड वाजता पोचलो होतो, आणि यांनी माझी वाट पाहिली होती. आज पुन्हा पाहिली होती. मी मोजणं थांबवलं आणि मांडी नीट घालून बसलो.

गोपाळराव मांडणीपाशी गेले. एकेक तागा अंगठा आणि बोटात धरून चोळत होते. "डोयाचं राहू द्या. कपडा मले हातानं दिसते," म्हणाले. एका ताग्यापाशी हात थांबला. लोखंडी मीटरवर त्यांनी शर्टाचं कापड मोजलं, कात्रीनं सरळ रेषेत कापलं, घडी केली. मग वरच्या फळीवरून एक जांभळं लुगडं काढलं आणि त्या घडीवर ठेवलं.

"हे आता नेऊ नका. घामानं खराब होईन," ते म्हणाले. "संध्याकाळी घरी या. मंग देतो." थोडा वेळ ते लुगड्यावरून हात फिरवत राहिले. "एकटे नका येऊ."

जावयाला तसं कसं सोडायचं, म्हणून त्यांनी गल्ल्याशेजारच्या लक्ष्मीपुढची कोयरी चाचपून घेतली, बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "जा आता. पळा."

कृष्णकांत बाहेर सायकलला टेकून उभा होता. वाटलं होतं शिव्या घालेल. पण तो सगळं पाहत होता बहुतेक. त्यानं नाक ओढलं आणि म्हणाला, "चाल गा. अजून दोनेक मैल हाय." उरलेली शर्यत मी बुटांत पचपच आवाज करत पळालो. वाटेत एक म्हातारे गृहस्थ मला मागं टाकून गेले.

सदरला पोचलो तेव्हा बक्षिसं वाटून होत आली होती आणि माणसं कमानीचे बांबू सोडत होती. पुष्पलता टॉवेल आणि थर्मास घेऊन दोरीपाशी उभी होती. आलेला प्रत्येक माणूस तिनं पाहिला असणार, आणि त्यात मी नव्हतो. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं आधी माझ्या पायांकडं पाहिलं, कुठं लागलं का म्हणून. मग वर पाहिलं आणि ती तशीच उभी राहिली. कुंकू कपाळावर नव्हतंच. डाव्या भुवईच्याही खाली, डोळ्याच्या कोपऱ्याशी लागलं होतं, आणि घामानं गालावर ओघळलं होतं.

"आई भेटली?" तिनं विचारलं.

मला धाप लागली होती.

"नाही," तीच म्हणाली. "आईचं बोट असं चुकत नाही." तिनं हात वर केला, पण कुंकू पुसलं नाही. बोट नुसतं त्याच्याजवळ नेलं. "बाबूजीनं लावलं. एवढं बी दिसत नाही त्यायले?" आणि पाच वर्षांत जी एकदाही माझ्यासमोर रडली नव्हती ती त्या भर गर्दीत, लाउडस्पीकरखाली, हुंदके देऊन रडू लागली.

"संध्याकाळी बोलावलंय," मी कसंबसं म्हणालो. "दोघांना."

"अन् संध्याकाळपर्यंत मी काय करू?"

तिनं टॉवेल आणि थर्मास कृष्णकांतच्या हातात कोंबले, निऱ्या एका हातानं उचलल्या आणि मी ज्या रस्त्यानं आलो होतो त्याच रस्त्यानं निघाली. आधी भरभर चालत होती. मग चालेना, पळू लागली. शेवटचे दोन-तीन गडी समोरून लंगडत येत होते, ते बाजूला होऊन तिला वाट देत होते.

"थांब वं!" मी ओरडलो. "रिक्षा करतो!"

तिनं मागं पाहिलं नाही. मी ओल्या बुटांनिशी तिच्यामागं पळालो. वाटलं, वाटेतल्या पुलापर्यंत तरी गाठीन. माझ्या पायांत दहा मैल होते आणि तिच्या पायांत पाच वर्षं. मला काही तिला गाठता आलं नाही.